पाण्याच्या दिवशी गेलेली गाडी

१. सगळ्यांची बोटं माझ्याकडं

अजिनाथची गाडी चोरीला गेली आणि अख्ख्या गल्लीनं एकदम माझ्याकडं बघितलं.

आता यात माझं काय चुकलं, सांगा. मी अझरुद्दीन. विजापूर वेशीत गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. लोक मला अज्जू म्हणतात, आणि जरा लांब उभं राहून म्हणतात. गेल्या शिमग्याला मी अजिनाथच्या ह्याच पांढऱ्या गाडीच्या बॉनेटखाली बोकडाच्या आवाजाचा स्पीकर ठेवला होता. ब्रेक दाबला की बोकड ओरडायचं. बिचाऱ्यानं दोन गॅरेजला दाखवली. तिसऱ्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून बघितलं, मला डोळा मारला आणि त्याला सांगितलं, "मालक, पाला आणा."

पण ते गेल्या शिमग्याचं. आज मी काहीच केलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी निर्दोष होतो आणि नेमकं त्याच दिवशी कुणाला पटेना.

सकाळी पाण्याचा दिवस होता. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मधे चार-पाच दिवस वाट बघायला लावतं आणि आलं की गल्लीत लढाई सुरू होते. घराघरातनं मोटारी बोंबलतात, सगळी माणसं मागच्या अंगणात पिंपं, घागरी, पातेली, लागलं तर चहाचे कप घेऊन धावत असतात. तेवढ्या वेळात घराच्या पुढच्या दारात हत्ती नाचवला तरी कुणाला कळायचं नाही.

पाणी गेलं, लोक पुढं आले, आणि अजिनाथ ओरडला, "गाडी कुटं हाय?"

रात्री दाराला खेटून लावलेली सात सीटची गाडी गायब. आणि आजच अजिनाथच्या लेकीची, पिंकीची, पाठवणी. दोन महिन्यांचं बाळ घेऊन ती जेऊरला सासरी निघालेली. गाडी काल धुतली, हार घातला, लिंबू-मिरची बांधली.

मी घाईनं पुढं गेलो तर पिंकी किंचाळली, "अज्जूकाका, पाय! रांगोळी हाय!"

खाली बघितलं. बैलगाडीच्या चाकाएवढी रांगोळी, मधे मोर, पिसाऱ्यात चार रंग. मी उडी मारून बाजूला झालो, तर अजिनाथनं माझी कॉलर धरली.

"अज्जू, कुटं लपवलीस?"

"अल्लाची शपथ, मी नाही."

"तू शपथ घेतलीस म्हंजे तूच." त्याचं नाक लाल झालं होतं. "ऐक. जेवायच्या आत गाडी दारात आली तर आली. न्हायतर पोलिसात तुजं नाव देतो, आन् आजपास्नं तू मला मेलास. तुज्या मयताला बी येणार न्हाय."

आम्ही दोघं चड्डीत होतो तेव्हापासनंचे दोस्त. त्यानं मला आजवर हजार शिव्या दिल्या असतील. पण 'मेलास' कधी म्हणला नव्हता.

"ठीक," मी म्हणलं. "चोर मी शोधतो."

"आरशात बघ, सापडंल!" मागनं कुणीतरी म्हणलं आणि गल्ली हसली.

२. ज्याच्याकडं चावी नव्हती

पहिली गोष्ट मी चावी बघितली. खिळ्याला लटकलेली. फुटक्या काचेचा एक तुकडा रस्त्यावर नव्हता. सडा नुकताच टाकलेला, त्यामुळं चाकाच्या खुणाही पुसलेल्या.

ज्याला राग असेल त्याच्याकडनं सुरुवात. शेजारी शरणप्पा. रिटायर माणूस, एक जुनी स्कूटर, आणि ती रोज बायकोपेक्षा जास्त वेळा पुसणार.

"अण्णा, गाडी तुम्ही ढकलली?"

"अय्यो! मी? माझी कंबर बघितली का तू?" शरणप्पा कंबरेला हात लावून म्हणाला. "पण गेली ते बरं झालं बघ. काय ती गाडी! माझ्या दारात अर्धी, त्याच्या दारात अर्धी. त्याच्या आईला, केराबाईला सुद्धा बिचारीला रांगोळीला जागा नाही. तिकडं तुळशीच्या कोपऱ्यात चार ठिपके देते आणि मला म्हणते, अण्णा, दार कसं मुंडं दिसतंय बघा."

"आज सकाळी काय ऐकलंत?"

"मोटारी ऐकल्या. माझी, त्याची, तुझी. तुझी मोटार लई घाण आवाज करते."

दुसरा शहाजी. अजिनाथचा मेव्हणा, जीपवाला. त्याच्या जीपमधनं शेळ्या-बोकडं बाजाराला जातात. त्याला वाटत होतं, भाचीला आपण सोडावं. अजिनाथ म्हणाला होता, "माजा नातू बोकडाच्या गाडीतनं जाणार व्हय रं?" शहाजी तेव्हापासनं फुगलेला.

"शहाजीराव, गाडी नसली तर जीपच लागणार. फायदा तुमचा."

"व्हय, फायदाच हाय की!" तो ताडकन उठला. "म्हणून तर गाडी गेल्याचं कळल्यापास्नं मी जीप धुतोय. तीनदा धुतली. वास जाईना. ज्यानं दाजीची गाडी पळवली त्यानं आदल्या दिवशी सांगाय पायजे हुतं, मी फिनेल आणलं असतं."

जीपजवळ गेलो. खरंच धुतलेली. आणि खरंच वास येत होता. गाडी पळवणारा माणूस सकाळभर जीप धूत बसत नाही. शहाजी सुटला.

तेवढ्यात पिंकी बाळाला खांद्यावर घेऊन आली. चेहरा गोंधळलेला.

"काका, एक सांगू? रात्री मी बाळाची दुपटी, टोपडी, डिंकाचे लाडू, सगळं गाडीत मागं ठेवलं होतं. माझ्या हातानं."

"मग गेलं की गाडीबरोबर."

"न्हाय ना. आता ओसरीवर सापडलं. घड्या घालून."

मी चाट पडलो. चोर गाडी नेतो आणि लेकराची दुपटी घडी घालून परत ठेवून जातो? असला चोर मला मिळाला तर मी त्याला दुकानात कामाला ठेवीन.

३. शिव्या कुठं गेल्या?

ओसरीवर बसून मी विचार करत होतो. गाडी नेणाऱ्याला पाण्याचा दिवस माहीत होता. लेकराची काळजी होती. खिळ्यावरची चावी त्याला लागली नाही, म्हणजे दुसरी चावी होती.

समोर केराबाई बसल्या होत्या. अजिनाथची आई. हातात पान, मांडीवर चंची, तोंड गच्च मिटलेलं.

ह्या बाईंबद्दल थोडं सांगायला पाहिजे. केराबाईंच्या हाताला यश आहे असं त्या घरात सगळे मानतात. म्हणून जे घेतील ते म्हातारीच्या नावावर. दुकान तिच्या नावावर, म्हैस तिच्या नावावर, फ्रिजच्या वारंटीवरसुद्धा तिचं नाव. आणि तोंड असं की, एकदा ओसरीवरनं कुणी त्यांची चप्पल नेली तर चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार दुपारपर्यंत चालला होता. चोर संध्याकाळी चप्पल आणून ठेवून गेला, वर पॉलिश करून.

"अज्या," मी अजिनाथला विचारलं, "मावशी गप्प का?"

"आज मौन धरलंय आयेनं. नातीचं सासरी नीट व्हावं म्हणून."

"कधीपासनं?"

"सकाळी पाणी आलं तवापास्नं."

"म्हणजे पाणी भरताना ओरडायला कोण होतं?"

अजिनाथ थांबला. दर पाण्याच्या दिवशी केराबाई मागच्या अंगणात उभ्या राहून सेनापतीसारख्या हुकूम सोडतात. कुठलं पिंप आधी, कुठली घागर नंतर.

"आज न्हवती मागं," तो म्हणाला. "म्होरं सडा टाकीत असंल."

चप्पल गेली तर सात पिढ्या. लाखांची गाडी गेली तर मौन?

मी उठलो. दारात गेलो. त्या मोराकडं बघत उभा राहिलो. सगळी गल्ली सकाळपासनं त्या रांगोळीला वळसा घालून चालत होती, आणि कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

रात्रभर गाडी जिथं उभी होती, मोर बरोबर तिथंच काढला होता.

४. मोराची मालकीण

"मावशी," मी त्यांच्या कानाशी लागलो, "मोर सुंदर आलाय. पण गाडी उभी असती तर तो टायरखाली आला असता. म्हणजे तो काढणाऱ्यानं गाडी गेलेली आधी बघितली. बघितली आणि बोंब मारली नाही. वर निवांत बसून पिसाऱ्यात चार रंग भरले."

केराबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग आत बघितलं. मग माझा कान असा पिरगाळला की माझ्या तोंडातनं आवाज निघाला नाही.

"काय करू रं मुडद्या!" त्या कुजबुजल्या. मौन गेलं. "इतक्या वर्सांनी दार मोकळं दिसलं. मला राहवलंच न्हाय."

"गाडी कुठंय?"

"शोरूमात. होटगी रोडला. त्यांचा ट्रक आला, दोरानं वढली, पाटीवर घितली, ग्येला. दुसरी चावी माज्या चंचीत हुती."

"का पण?"

मग त्यांनी सांगितलं. गाडी घेताना नाव त्यांचं, तर फोन नंबरही त्यांचाच दिलेला. मागच्या आठवड्यात कंपनीतनं एका पोरीचा फोन आला. म्हणाली, आजी, तुमच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटसमोर धडक झाली की फुगणारी पिशवी असते. ती फुगवणारी डबी काही गाड्यांत खराब निघालीय. वर्षानुवर्षं उन्हात तापली की धडकेत डबीच फुटते आणि पत्र्याचे तुकडे समोरच्या माणसावर उडतात. गाडी चालवू नका, आम्ही फुकट बदलून देतो.

"आन् त्या सीटवर आज कोण बसणार हुतं?" केराबाईंनी विचारलं.

मला माहीत होतं. अजिनाथनं गल्लीला सांगून ठेवलं होतं: नातू राजासारखा पुढं बसणार, आईच्या मांडीवर.

"अज्याला सांगितलं नाही?"

"दोनदा! पयल्यांदा म्हणाला, आये, ओटीपीवाले चोर असत्यात, फोन कट कर. दुसऱ्यांदा म्हणाला, त्या अज्जूनं बायकी आवाज काढला आसंल."

मी खाली बघितलं. काढतो मी कधीकधी. चांगला जमतो.

"मी त्या पोरीला म्हणलं, तू खरी कशावरनं? ती म्हणाली, आजी, माज्यावर इस्वास ठिवूच नगा. पैसे कुणी मागितले तर देऊ नगा, नंबर सांगू नगा. गाडी जितनं घितली तितं जाऊन इचारा. ग्येले की रिक्षानं! त्यांनी नंबर घालून दावलं. खरं निघालं."

"मग आता सांगा की सगळ्यांना."

"आन् त्यो लगीच फोन लावून गाडी तशीच माघारी आणंल. म्हणंल, नवी डबी नंतर बसवू, मुहूर्त चुकतोय." त्यांनी माझा दुसरा कान धरला. "शोरूमातनं फोन येस्तवर त्वांड उघडायचं न्हाय. माज्या पणतूची शपथ हाय तुला."

घ्या. चोर सापडला, गाडी सापडली, आणि मी सांगू शकत नाही. आतनं डाळ-भाताचा वास यायला लागला होता. बाहेर अजिनाथनं ताट मांडायच्या आधी पोलिसांचा नंबर काढायला घेतला.

५. सगळ्यांना बसवून

"थांब!" मी ओसरीवर उभा राहिलो. "चोर कळलाय. सगळ्यांनी बसा. सांगतो, पण माझ्या पद्धतीनं."

गल्ली जमली. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मी हात मागं बांधून येरझाऱ्या घालायला लागलो. जितकं लांबेल तितकं लांबवायचं होतं.

"शरणप्पाअण्णा, तुमच्या स्कूटरचा चासी नंबर काय?"

"त्याचा काय संबंध?"

"सगळा संबंध आहे. आरसी बुकावर असतो. नाहीतर गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला."

शरणप्पा कुरकुरत कागद घेऊन आला. मी फोनवर त्याच्या स्कूटरच्या कंपनीची वेबसाईट उघडली, नंबर घातला. गल्ली श्वास रोखून. मी स्क्रीन पिंकीकडं दिली. "वाच गं मोठ्यानं."

पिंकीनं वाचलं आणि डोळे मोठे केले. "अण्णा, ह्यात लिवलंय, तुमच्या स्कूटरचा म्होरचा ब्रेकचा पाईप कंपनीनं बदलायला बोलवलाय. कधीचं!"

"अय्यो! मला कुणी सांगितलं नाही!"

"सांगणार कसं? स्कूटर कुणाकडनं घेतली?"

"दुधनीच्या पाव्हण्याकडनं. जुनी."

"त्याला निरोप गेला असणार. कंपनीकडं नाव त्याचं, नंबर त्याचा."

"पण वारंटी संपली रे!"

"ह्याला वारंटी लागत नाही अण्णा. चूक त्यांची, काम फुकट. पहिला मालक असो की पाचवा. पण पाईप बदलेपर्यंत किक मारू नका."

शरणप्पानं रोज पुसलेल्या स्कूटरकडं असं बघितलं, जसं काही तिनं घरातली कपबशी फोडलीय.

"आरं पण चोर!" अजिनाथ ओरडला. "माजी गाडी कुटं हाय?"

"येतो की तिकडं. आता तुझ्या गाडीचा नंबर दे."

"का?"

"घाबरलास?"

असं म्हणलं की अजिनाथ काहीपण देतो. कपाटातनं आरसी आणून माझ्या हातावर आपटली. ह्यावेळी मी फोन त्यालाच दिला. "तूच घाल. तूच वाच. मी हात लावत नाही, नंतर म्हणशील अज्जूचा चावटपणा."

त्यानं एका बोटानं नंबर घातला. वाचायला लागला. ओठ हलत होते. मग हलायचे थांबले.

"प्रवाशाच्या बाजूची..." तो हळू म्हणाला. "बदलेपर्यंत गाडी वापरू नये."

त्यानं मान वर केली. पिंकीकडं बघितलं, तिच्या खांद्यावर झोपलेल्या नातवाकडं बघितलं.

"म्हंजे फोन खरा हुता," अजिनाथ म्हणाला. "आयेला आलेला."

"आणि गाडी कुणाच्या नावावर आहे, वाचलंस का?"

तो आरसीकडं बघत राहिला. केराबाई. यश असलेला हात. केराबाईंनी मला 'सांग आता' अशी मानेनं खूण केली, माझी शपथ सुटली.

"चोरी झालीच नाही अज्या," मी म्हणलं. "मालकिणीनं स्वतःची गाडी स्वतःच्या चावीनं स्वतः पाठवली. पाण्याच्या दिवशी, सगळे मागं असताना. आधी लेकराची दुपटी काढून घेतली. एकच चूक केली. दार मोकळं दिसलं आणि मोर काढल्याशिवाय राहवलं नाही."

सगळी गल्ली एकदम रांगोळीकडं वळली. मग केराबाईंकडं.

"आये!" अजिनाथ म्हणाला. "मला सांगायचं तरी!"

आणि केराबाईंचं सकाळपासनं तुंबलेलं सगळं बाहेर आलं.

"सांगितलं की दोनदा, भाड्या! कान हायत का गवऱ्या? म्हणं ओटीपीवाले! म्हणं अज्जूचा आवाज! अज्जूचा आवाज एवढा ग्वाड असता तर त्येचं लगीन आणखी चांगल्या घरात झालं असतं! आन् दोन म्हयन्याचं लेकरू म्होरल्या सीटवर? राजा म्हणं! राजा बसतो मागं, म्होरं बसतोय ड्रायव्हर! परत पणतूला म्होरं बसवलास तर तुलाच बोकडाच्या जीपमधनं धाडीन जेऊरला!"

"आमची जीप आता धुतलीया," शहाजी मधेच म्हणाला.

तेवढ्यात चंचीत फोन वाजला. केराबाईंनी कानाला लावला. "व्हय... व्हय... झालं? पैसं?... एक रुपाया बी न्हाय? मग कागूद द्या, काय बदललं त्येचा. आन् नंबर ह्योच ठिवा. पोराचा लिवू नगा, त्यो कट करतोय."

तासाभरात ट्रकनं गाडी आणून सोडली. रस्त्याच्या पलीकडं, कारण केराबाई मोरापुढं आडव्या उभ्या होत्या.

जेवणं झाली. पिंकी बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसली, शेजारी केराबाई पहाऱ्याला. शरणप्पाची स्कूटर शहाजीनं जीपमधे चढवली. कंपनीच्या वर्कशॉपला पोचेपर्यंत तिला बोकडाचा वास लागणार म्हणून शरणप्पा रडकुंडीला आलेला. गल्लीतले सगळे आपापली आरसी शोधायला घरात पळाले होते.

मी आपला उभा. अजिनाथ माझ्याकडं बघेना. त्याला सॉरी म्हणता येत नाही. बापजन्मात म्हणलेला नाही. हार नीट कर, काच पूस, आरसा हलव, असं चाललेलं. मग एकदम त्यानं फोन काढला, स्पीकर लावला, छाती फुगवली आणि आवाज असा जाड केला की मी दचकलो.

"हॅलो. कोण, झीनतबाई का? चौकीवरनं बोलतोय. तुमच्या नवऱ्याला गाडीचोरीत धरून आणलाय."

मी डोक्याला हात लावला. माझ्या बायकोला! मला कळलं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा चेष्टा करतोय, आणि मेलेल्या माणसाची कुणी चेष्टा करत नाही.

पलीकडनं माझ्या बायकोचा आवाज आला, एकदम शांत.

"रख लेव साब उनकू. खाना मैं नै भेजती."

अजिनाथ गाडीच्या बॉनेटवर आडवा पडून हसला. मागनं केराबाईंनी काच वाजवली, "चला की आता मुडद्यांनो!" त्यानं डोळे पुसले आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला.

"बस की गाडीत. जेऊरला मटण हाय."